हिरवा दिवा, बंद मोटर

सोमवार, ८ जानेवारी २०१८

सकाळी पार्सलने जुन्नरचं पॅनेल परत आलं. झाकणाच्या आतून वहीचा कागद चिकटवलेला: ‘हिरवा दिवा लागतो. मोटर चालू होत नाही. हाताने बटन दाबलं की होते.’ एवढंच. आमच्या सर्व्हिसच्या फॉर्ममध्ये याच गोष्टीसाठी अकरा रकाने आहेत.

दुपारी त्या शेतकऱ्यांचा फोनही आला. “ताई, आमच्याकडं या आठवड्यात थ्री-फेज रात्री दोनला येती. त्यासाठीच तर तुमचं ऑटो बसवलं. दोनला उठून मीच विहिरीवर जायचं, तर मग त्या डब्याचा उपयोग काय? उसात बिबट्या असतो ओ.” बिबट्याचं ते अगदी सहज बोलले, गल्लीतल्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं. मला पटकन उत्तर सुचलं नाही. आठ दिवसांत देते म्हटलं.

कार्ड आमचं जुनंच आहे. पिक १६एफ८७७ए, चाळीस पायांची चिप, ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. भाऊजी गिऱ्हाइकाला कौतुकाने ‘यात पिक आहे’ सांगतात आणि गिऱ्हाईक ‘कुठलं?’ विचारतं. काम साधं. लाइट आली की कार्ड जागं होतं, तिन्ही फेज ठीक आहेत का पाहतं, एक मिनिट थांबतं (एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीचा फ्यूज जातो), मग रिले ओढतं. रिलेवरून कॉन्टॅक्टर, कॉन्टॅक्टरवरून पाच एचपीची मोटर. रिलेपाठोपाठ पॅनेलवरचा हिरवा दिवा. टेबलावर मोटरच्या जागी शंभरचा बल्ब लावून पाहिलं. कागदावर लिहिलंय तस्संच. दिवा लागतो, रिले गप्प. स्टार्ट दाबलं की टक्.

हाताखालच्या पोराला म्हटलं, डीबगर लाव. डिप्लोमा होऊन त्याला सहा महिने झालेत, डीबगरचं नाव काढलं की डोळे चमकतात. वस्तू लहानशी: लाल डबी, एका बाजूने यूएसबी, दुसऱ्या बाजूने कार्डवरच्या पिनांत. रिसेट, पाच व्होल्ट, ग्राउंड आणि दोन तारा, एक घड्याळाची आणि एक माहितीची. याच वाटेने प्रोग्राम चिपमध्ये जातो आणि याच वाटेने चिपला जागच्या जागी थांबवून तिच्या पोटात काय चाललंय ते पाहता येतं. चिप बोर्डवरून उपटायची नाही. ‘इन-सर्किट’ ते एवढ्यासाठी.

जोडलं, तर समोर चिप सापडतच नाही असा संदेश. तीन वेळा केबल काढून घातली, दुसरी डबी लावून पाहिली, तेच. मग मला आठवलं. त्या दोन तारा आरबी६ आणि आरबी७ या पायांवर येतात आणि याच पायांवर आमची स्टार्ट आणि स्टॉपची बटणं आहेत. बटण दाबताना होणारी थरथर जिरावी म्हणून प्रत्येकी एक १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पोराला समजावून सांगितलं: कपॅसिटर असला की पायाला वर चढायला वेळ लागतो. डीबगर वाचायला जातो तेव्हा पाय अजून खालीच असतो, म्हणून त्याला एकाच्या जागी शून्य दिसतं. डीबगरच्या पुस्तकात तर स्पष्ट मनाई आहे, या तारांवर कपॅसिटर लावू नका म्हणून. पोराने मान डोलावली आणि दोन्ही १०४ काढून टाकले. चिप लगेच सापडली.

बटणं अर्थात आता मेली. डीबगर लावला की ते दोन पाय त्याचे.


मंगळवार, ९ जानेवारी

आज दिवसभर रिले लागत होता.

मिनिटाचा थांबा पाच सेकंदांवर आणला आणि जिथे रिले लागतो त्या फंक्शनच्या तोंडाशी प्रोग्राम थांबवला. तिथून एकेक ओळ चालवत गेलो. फेज ठीक. थांबा संपला. रिलेची ओळ, टक्. दिव्याची ओळ, दिवा. दहा वेळा केलं, दहाही वेळा टक्. मग रिसेट करून सरळ सोडलं: दिवा लागला, रिले नाही. पुन्हा पायरी-पायरीने: टक्.

पोरगा म्हणाला, “मॅडम, आपण बघत असलो की हा नीट वागतो.”

मी हसले, पण माझ्याकडे तरी त्याहून चांगलं उत्तर कुठे होतं!

आमच्या शिक्षणाच्या वेळी बघण्याची सोयच नव्हती. ८०३१ आणि शेजारी २७६४ ईप्रॉम. प्रोग्राम बदलायचा तर चिप काढायची, तिच्या काचेच्या खिडकीवरचा स्टिकर सोलायचा, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवायची, पुसली गेली की पुन्हा लिहायची. तीन चिपा आलटून पालटून वापरायचो, म्हणजे एक पुसली जात असताना दुसरी चालवून बघता येई. चूक कुठे आहे हे कळायला एखाद्या रिकाम्या पायावर एलईडी लावायचा आणि ‘इथपर्यंत आला’ एवढंच त्याच्याकडून ऐकायचं. एका प्रयोगशाळेत एमुलेटर पाहिला होता. चिपच्या सॉकेटमध्ये चिपऐवजी चपट्या केबलचं टोक बसायचं आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला ट्रंकेएवढं यंत्र चिपचं सोंग घ्यायचं. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

आताच्या डबीत तसलं सोंग नाही. थांबवण्याची करामत चिपच्याच आत बसवलेली आहे, डबी फक्त निरोप्या. ही करामत फुकट मात्र मिळत नाही. आमच्या ८७७ए मध्ये ८१९२ शब्दांची जागा, त्यातले शेवटचे २५६ डीबगर घेतो. रॅमच्या काही जागा घेतो. पहिल्याच पत्त्यावर एक रिकामी सूचना ठेवावी लागते. आणि आठ पायऱ्यांचा स्टॅक, त्यातली एक त्याची. मागे माझा एक प्रोग्राम बरोबर आठ पायऱ्या खोल जात होता. शेतात तो बिनतक्रार चालायचा आणि डीबगर लावला की वेड लागल्यासारखा कुठेही उड्या मारायचा, कारण या चिपचा स्टॅक भरला की बोंब मारत नाही, गुपचूप जुन्यावर नवं लिहितो. दोन रात्री मी चूक नसलेल्या ठिकाणी शोधत होते. म्हणजे चूक होतीच, पण माझी वेगळी.

पाहुणा घरात उतरला की घर थोडं बदलतंच. आजचा प्रकार त्यातलाच असेल का? पण मग सरळ सोडल्यावर, डीबगर लागलेलाच असताना, रिले का लागत नाही? पाहुणा तर तेव्हाही घरातच आहे.


बुधवार, १० जानेवारी

अख्खा दिवस वाया. नोंद तरी करून ठेवते.

पहिला संशय वॉचडॉगवर, म्हणजे प्रोग्राम अडकला की चिपला रिसेट करणाऱ्या पहारेकऱ्यावर. शेतातल्या प्रोग्राममध्ये वॉचडॉग चालू असतो, डीबगर लावताना बंद ठेवावा लागतो, नाहीतर आपण थांबवलेल्या चिपला तो रिसेट करत बसतो. मिनिटाच्या थांब्यात त्याला खायला घालायचं राहिलं असेल? पण डीबगरमध्ये सरळ सोडल्यावरही दोष दिसतो, आणि तिथे वॉचडॉग बंदच आहे. खोडला.

दुसरा संशय पुरवठ्यावर. रिले ओढताना पाच व्होल्ट खाली बसत असतील आणि चार व्होल्टच्या आसपास चिपचं ब्राउन-आउट रिसेट लागत असेल. यावर चार तास घातले. ऑसिलोस्कोप लावला, मोठा कपॅसिटर जोडला, बाहेरचा पुरवठा लावला. पाच व्होल्टची रेघ तळ्यासारखी शांत. संध्याकाळी चहा पिताना लक्षात आलं की चिप रिसेट झाली असती तर हिरवा दिवाही विझला असता. दिवा लागलेला राहतो, हे शेतकऱ्याने पहिल्या वाक्यात लिहून दिलंय. मी ते वाचलं होतं आणि बाजूला ठेवून माझ्या आवडत्या संशयामागे धावले.

पोरगा तोवर ब्रेकपॉइंटशी झटत होता. या चिपला हार्डवेअरचा ब्रेकपॉइंट एकच. घरात उंदीर आहे आणि पिंजरा एकच, असा हिशोब: कुठे लावायचा ते आधी ठरवावं लागतं, म्हणजे उंदीर कुठून येतो याचा अंदाज आधीच असावा लागतो. आणि त्यात ही चिप सांगितलेल्या ठिकाणी थांबत नाही, तिथली सूचना पार पाडून पुढच्या पायरीवर थांबते. त्याला हे माहीत नव्हतं, त्यामुळे त्याची वही गोंधळाने भरली. घरी जाताना म्हणाला, “मॅडम, रिलेच्या ओळीवर थांबवून पुढे सोडलं तर रिले लागतो. दिव्याच्या ओळीवर थांबवलं तर लागत नाही.” मी म्हटलं, मध्ये एखादी पायरी जास्त चालवली असशील, उद्या बघू. उद्या गुरुवार आहे हे दोघांनाही आठवलं नाही.


गुरुवार, ११ जानेवारी

एमआयडीसीची सुट्टी. बुधवार पेठेत जाऊन रिले, रेझिस्टरच्या पट्ट्या आणि डोक्याला बांधायची भिंगं आणली. डोळे आता तसे राहिले नाहीत.

काउंटरवर एकजण आयआरएफ५४० चे मॉस्फेट मोजून घेत होता, त्यावरून आठवलं. डीबगर नवा नवा हातात आला होता तेव्हा बारा व्होल्टच्या मोटरचा वेग कमी-जास्त करायचं काम होतं. पीडब्ल्यूएम मी हातानेच लिहिलेला: पाय वर, थोडा थांबा, पाय खाली. नीट बघावं म्हणून मध्येच प्रोग्राम थांबवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. प्रोग्राम थांबला होता तो पाय वर असताना. चिप थांबली म्हणून मोटर थोडीच थांबते! परत आले तर मॉस्फेटच्या जागी काळा ठिपका आणि खोलीभर वास. तेव्हापासून टेबलावर बल्ब.

दुसरी भीती पोराला अजून सांगायची आहे. आमच्या पॅनेलमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून ठीक. स्वस्तातली काही कार्डं नुसत्या कपॅसिटरवर २३० व्होल्ट उतरवतात, त्यांचं ग्राउंड म्हणजे सरळ मेनची एक तार. त्यावर डीबगर लावला की ती तार यूएसबीतून लॅपटॉपपर्यंत येते. मध्ये आयसोलेटर नसेल तर लॅपटॉप जातो, आणि नशीब वाईट असेल तर लॅपटॉपवरचा हातही.


शुक्रवार, १२ जानेवारी

सापडलं. क्रमाने लिहिते, नाहीतर नंतर मला वाटेल की मी फार हुशारीने शोधलं.

सकाळी पोरगा यायच्या आधी त्याची वही उघडी होती. दोन ओळी त्याने अधोरेखित केलेल्या. रिलेच्या ओळीवर थांबवलं: लागतो. दिव्याच्या ओळीवर थांबवलं: लागत नाही. मी स्वतः करून पाहिलं. पोराचं खरं होतं. पाच वेळा, पाचही वेळा तसंच. दोन ठिकाणांत अंतर एका ओळीचं, पण एका ओळीने रिलेचं नशीब बदलत होतं.

मग हिशोब मांडला. चिप एक पायरी पुढे थांबते. म्हणजे ‘रिलेच्या ओळीवर’ थांबली तेव्हा रिलेची सूचना पार पडलेली असते आणि दिव्याची व्हायची असते. या दोहोंच्या मध्ये आपण स्क्रीनकडे बघतो, जांभई देतो, मग पुढे सोडतो. ‘दिव्याच्या ओळीवर’ थांबली तेव्हा दोन्ही सूचना पाठोपाठ होऊन गेलेल्या. मध्ये जांभई नाही. पायरी-पायरीने चालवतानाही प्रत्येक ओळीमागे माणसाचा वेळ असतोच. म्हणजे रिले लागायला दोन सूचनांमध्ये वेळ हवा आहे!

सी मधली ओळ बघत बसण्यात अर्थ नव्हता. खालची यंत्राची यादी उघडली. रिलेसाठी एक सूचना: पोर्ट डी चा दुसरा बिट एक कर. दिव्यासाठी लगेच पुढची: पोर्ट डी चा तिसरा बिट एक कर. वाचायला निरागस. पण ही चिप एकटा बिट उचलू शकत नाही. ती आठही पाय वाचते, त्यातला एक बिट बदलते आणि आठही परत लिहिते. आणि वाचते ती आपण काय लिहिलं होतं ते नव्हे, पायावर त्या क्षणी प्रत्यक्ष काय आहे ते. रिलेचा पाय एक करून तो अजून वर चढलेला नसताना दिव्याची सूचना वाचायला आली, तर तिला रिलेच्या जागी शून्य दिसणार. ती दिव्याचा बिट एक करणार आणि रिलेचं शून्य तेवढ्याच इमानदारीने परत लिहिणार. दिवा लागला, रिले मेला. हाताच्या बटणाच्या वाटेत मात्र ‘बटण सुटेपर्यंत थांब, मग दिवा लाव’ असं लिहिलेलं आहे. तिथे माणसाचं बोटच जांभईचं काम करतं.

पण रिलेचा पाय चढायला वेळ का लावेल? पुढे रिले ओढणारा नुसता यूएलएन२००३, त्याला काय वजन!

मी भिंगं बांधून कार्ड उलटं केलं. यूएलएनच्या इनपुटला लागून, रिलेच्या पायावर, चिमुकला पिवळा १०४.

तो मीच बसवायला सांगितला होता. गेल्या पावसाळ्यात कॉन्टॅक्टर सुटताना रिले फडफडतो अशी तक्रार आली, तेव्हा मी फोनवर भाऊजींना म्हटलं, इनपुटला एक १०४ टाका, गोंगाट जिरेल. गोंगाट जिरला. चाळीस कार्डांच्या लॉटमध्ये तो आला, मध्ये रेझिस्टर नाही, काही नाही, सरळ चिपच्या पायावर. सोमवारी मी पोराला बटणांवरचे दोन १०४ काढायला लावले आणि का काढायचे ते समजावून सांगितलं. पायाला वर चढायला वेळ लागतो. वाचायला गेलं की एकाच्या जागी शून्य दिसतं. शब्दन्‌शब्द मी बोलले होते, याच टेबलाशी, आणि तिसरा १०४ तिथून चार इंचांवर होता.

पोरगा आला तेव्हा त्याची वही त्याला परत दिली. म्हटलं, तुझं बरोबर होतं. तो कानापर्यंत लाल झाला आणि चहा आणायला पळाला.


शनिवार, १३ जानेवारी

ऑसिलोस्कोपवर पाहिल्याशिवाय मला पटत नाही. रिलेच्या पायावर प्रोब लावला, एकदाच पकडायला सांगितलं. मिळालं: रेघेवर एक फोड, जेमतेम पाव व्होल्ट उंच, एक मायक्रोसेकंद रुंद, आणि मग पुन्हा सपाट. ४ मेगाहर्ट्झला एक सूचना बरोबर एक मायक्रोसेकंदाची. रिलेला मिळालेलं आयुष्य तेवढंच. त्यात टक् होणं शक्यच नव्हतं.

आकडेही जुळतात. चिपचा पाय पंचवीसेक मिलिअँपिअर देतो, ०.१ मायक्रोफॅरडला एका मायक्रोसेकंदात तेवढ्याने पाव व्होल्टच चढतो. या पोर्टला ‘एक’ पटायला पायावर चारेक व्होल्ट लागतात. दिव्याची ओळ काढून पूर्ण चढ मोजला: वीस मायक्रोसेकंदांच्या वर. पोराने विचारलं, मध्ये एक रिकामी सूचना टाकली तर? हा रामबाण सगळीकडे सांगतात. इथे एकाने काय होणार, पंचवीस टाकाव्या लागतील, आणि उद्या टायमरच्या इंटरप्टने मध्येच त्याच पोर्टवरचा दुसरा बिट हलवला की पुन्हा तेच.

दोन्हीकडून दुरुस्ती केली. प्रोग्राममध्ये पोर्टची एक प्रत रॅममध्ये ठेवली. बदल त्या प्रतीत करायचे आणि मग अख्खी प्रत पोर्टवर लिहायची, पाय वाचायला जायचंच नाही. प्रत बदलताना इंटरप्ट क्षणभर बंद. पुढच्या पिढीच्या पिक चिपांमध्ये यासाठी लॅच नावाचं वेगळं रजिस्टरच दिलेलं असतं, म्हणजे हा काटा बऱ्याच जणांच्या पायात मोडला असणार. बोर्डवर चिपचा पाय आणि कपॅसिटर यांच्यामध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर. आता कपॅसिटर हळू भरला तरी पाय लगेच वर जातो. फक्त प्रोग्राम बदलला असता तरी चाललं असतं, पण त्या पायावर मी टाकलेलं ओझं बघवत नव्हतं.

वॉचडॉग चालू करून पक्का प्रोग्राम भरला, डीबगर काढला, बटणांचे दोन १०४ परत लावले. शंभर वेळा लाइट घालवून आणली. पोरगा मोजत होता, भाऊजी स्विच मारत होते. शंभर टक्.

मग भाऊजींनी जे विचारायचं तेच विचारलं. “वहिनी, हे चाळीस आपण टेस्ट करूनच पाठवले होते ना?” टेस्टच्या टेबलावर ऑटोच्या रकान्यात टिक कशावर करतात, ते मी जाऊन पाहिलं. हिरव्या दिव्यावर. रिलेचा आवाज हाताच्या बटणाच्या टेस्टला ऐकतात, ऑटोला दिवा बघतात, कारण मिनिटाचा थांबा असतो आणि टेस्ट करणाऱ्या मुली तेवढ्या वेळात दुसरं पॅनेल लावायला घेतात. तो रकाना मीच आखला होता. आता ऑटोच्या टेस्टला रिलेच्या टोकांना बल्ब.

चाळीसपैकी नऊ बाहेर गेलेत. आठांचे फोन आलेले नाहीत. कदाचित त्यांच्याकडे लाइट दिवसा येत असेल, कदाचित उठून बटण दाबत असतील आणि यंत्र असंच असतं असं समजत असतील. दुसरं खरं असेल या विचाराने वाईट वाटलं. सगळ्यांना फोन लावायला बसले.


रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. आठपैकी सहांशी बोलणं झालं. चौघं उठून बटण दाबत होते.


मंगळवार, १६ जानेवारी

पोराचा नवा उद्योग: मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला की मोटर चालू करणारं कार्ड. चिप एसटीएम३२एफ१०३, शेजारी जीएसएमचा मॉडेम. इथे डीबगरची श्रीमंती आहे. तारा दोनच, पण ब्रेकपॉइंट सहा, आणि अमुक व्हेरिएबलला कोणी हात लावला की थांब असं सांगायला चार पहारेकरी वेगळे. चिप थांबली की वॉचडॉगही थांबव, असा एक बिट आहे. पोराला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं.

दुपारी तक्रार घेऊन आला. मॉडेम ‘ओके’ म्हणतो, पण प्रोग्रामला कधी नुसता ‘ओ’ मिळतो, कधी नुसता ‘के’. मॉडेम खराब आहे. दुसरा मॉडेम लावला तरी तेच.

मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. उजवीकडे सीरिअल पोर्टच्या रजिस्टरांची खिडकी उघडी, प्रत्येक थांब्याला आकडे ताजे होत होते. आलेलं अक्षर ज्या रजिस्टरमध्ये असतं ते वाचलं की चिप समजते, अक्षर पोचलं, आणि ‘नवीन अक्षर आलंय’ ही खूण पुसून टाकते. वाचणारा प्रोग्राम आहे की डीबगर, हे तिला कळत नाही. खिडकीला आकडे दाखवायचे म्हणून डीबगर ते अक्षर आधी वाचत होता.

मी काही बोलले नाही. नुसतं म्हटलं, ती खिडकी बंद कर आणि पुन्हा चालव. त्याने बंद केली. ‘ओके’ आलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग खिडकी उघडली, ‘के’ आलं, बंद केली, ‘ओके’ आलं. मग वही काढून लिहायला लागला. काय लिहिलं ते विचारलं नाही.


शुक्रवार, १९ जानेवारी

जुन्नरचं पॅनेल मंगळवारी पाठवलं होतं, काल बसवलं. सकाळी सव्वासातला फोन. “ताई, रात्री दोन वाजून चार मिनिटांनी लाइट आली, पाचला मोटर सुरू झाली.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“म्हणजे काय, मी विहिरीवरच हुतो की. तुमच्या डब्यावर पहिल्या रात्री कसा इसवास ठेवायचा?” बॅटरी घेऊन मुलाला बरोबर नेलं होतं म्हणाले. आज रात्री झोपणार आहेत.

लॉटमधली एकतीस कार्डं इथेच आहेत. पोरगा सकाळपासून रेझिस्टर बसवतोय. चौदा झाली. पायाकडून येणारी तांब्याची वाट कापून मध्ये बसवायचा असल्याने हात हलून चालत नाही, भिंगं त्यालाच दिली आहेत. फेब्रुवारीच्या लॉटसाठी नवीन बोर्ड काढायचा आहे. बटणं आरबी६ आणि आरबी७ वरून दुसरीकडे हलवायची, हे पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलंय.